डबे परत करायचे आहेत

दिवस पहिला : पुणे ते कऱ्हाड

निघायच्या आदल्या रात्री आईनं सगळे डबे ओट्यावर ओळीनं मांडले. आत्याचे दोन स्टीलचे, मामीचा कडीचा, मावशीचा तीन पुडांचा आणि एक निळ्या झाकणाचा प्लॅस्टिकचा. हा शेवटचा कुणाचा, ते कुणालाच सांगता येईना. यंदा जानेवारीपासून मार्चपर्यंत आई हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा हे डबे भरून आले आणि आमच्याकडेच राहून गेले. वहिनीनं ते घासून माळ्यावर ठेवले होते. दिवाळीत ते आईच्या नजरेस पडले आणि तिनं सांगून टाकलं, "डबे परत करायचे आहेत. कुरियरनं नाही आणि कुणाबरोबर धाडूनही नाही. मी जाणार."

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्या घरातली रीत. म्हणून चार दिवस आधीपासून बेसनाचे लाडू. भाजणं वहिनीचं, वळणं मात्र आईचंच. रोज पंधरा-वीस, मधे थांबत थांबत. तिच्या अंगठ्यात अजून पुरता जोर आलेला नाही, त्यामुळे प्रत्येक लाडू एका अंगाला जरासा चपटा आणि त्यावर तिच्या बोटांचे ठसे. एक लाडू हातात घेऊन मी बराच वेळ नुसती बघत बसले. मार्चमध्ये ह्याच बोटांना चमचा धरता येत नव्हता.

दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर, डिसेंबरच्या मध्यावर, सकाळी सातला निघालो. दादा गाडीवर, शेजारी बाबा, मागे आई आणि मी. वहिनीला रजा मिळाली नाही, पण तिनं डिकीत दोन गोष्टी आठवणीनं टाकल्या : कमोडची घडीची खुर्ची आणि पाऊल लोंबू नये म्हणून घालायच्या स्प्लिंटचा जादा पट्टा. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना ह्या दोन गोष्टींचं मोल सांगावं लागणार नाही.

घर सिंहगड रोडला. २०२५ च्या जानेवारीत जीबीएस, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम, हे नाव पुण्यात घराघरांत पोचलं ते आमच्या ह्या भागामुळे. शहर आणि आजूबाजूचा परिसर धरून दोनशेच्या वर रुग्ण होते. पाण्यातून पोटात जंतू जातो, त्याच्याशी लढायला शरीराची फौज उठते आणि ती फौज चुकून आपल्याच नसांवरचं आवरण खायला लागते, असं डॉक्टरांनी आम्हांला समजावलं होतं. आईला आधी दोन दिवस जुलाब झाले. आठवड्यानं पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. पहिल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढताना गुडघे दुमडले, तिसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उघडेना, चौथ्या दिवशी पाण्याचा घोट नाकातून बाहेर आला. पायांपासून सुरू झालं आणि वर वर चढत गेलं. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर. त्यावर २३ दिवस, हॉस्पिटलात एकूण ५१.

एक गोष्ट आम्हांला फार उशिरा उमगली. ह्या आजारात हातपाय जातात, चेहरा जातो, श्वास जातो, पण माणूस आत जागा असतो. डोळ्यांच्या पापण्या तेवढ्या हलत होत्या. आम्ही येऊन पंधरा मिनिटं उभे राहायचो, काहीबाही बोलायचो, रडायला आलं की बाहेर पळायचो. आईला ते सगळं ऐकू येत होतं. घरी आल्यावर, बोलता यायला लागल्यावर, तिनं एकेकाचं एकेक वाक्य सांगायला सुरुवात केली तेव्हा आम्ही गार झालो. कोण काय बोललं, कोण नुसतंच हात धरून उभं राहिलं, कुणाच्या हाताला कांद्याचा वास होता, सगळं. डबे हे निमित्त होतं. तिला त्या माणसांसमोर एकदा स्वतःच्या पायांवर उभं राहायचं होतं.

शिरवळला नीरा ओलांडली, खंबाटकी मागे टाकली, सुरूरच्या अलीकडे चहाला थांबलो. टेबलापर्यंतच्या वीस पावलांना आईला पाच मिनिटं लागली. चार पायांची काठी, डावं पाऊल, उजवं पाऊल, पुन्हा काठी. हॉटेलातल्या पोऱ्यानं न सांगता खुर्ची मागे ओढून धरली.

दुपारी कऱ्हाडला आत्याकडे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आत्या आणि आई ह्यांच्यात वीसेक वर्षांपासून एक अढी होती. आजी गेल्यावर वस्तूंच्या वाटणीत काही बोलणं झालं, आणि मग लग्नकार्यापुरतं येणंजाणं राहिलं. पण आई व्हेंटिलेटरवर गेल्याचा फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या एसटीनं स्वारगेटला उतरली ती १९ दिवस राहिली. संध्याकाळची भेटीची वेळ तिची. तिच्याकडून ती कुणी मागायचीही नाही.

त्या दिवसांतलंच हे. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे ठळक अक्षरांत मूळाक्षरं लिहून नेली होती. पट्टीनं एकेक ओळ दाखवायची, बरोबर ओळ आली की आईनं पापणी मिटायची, मग ओळीतलं अक्षर. पहिला शब्द जुळायला पाव तास लागला. आम्हांला वाटलं आई कुणाचं तरी नाव घेईल. शब्द आला : चादर. आम्ही सगळे धरून चाललो होतो की तिच्या पायांना काही कळतच नाही. उलट होतं. पावलांवर पडलेल्या सुती चादरीचं वजनही तिला सहन होत नव्हतं, आणि ती ते दहा-बारा दिवस कुणाला सांगू शकत नव्हती. आत्या तडक खाली गेली, मेडिकलवाल्याकडून रिकामा खोका मागून आणला, दोन बाजू कापून त्याची कमान केली आणि पावलांवर उभी केली. चादर त्या खोक्यावर राहिली. पुढं आई तिथून हलेपर्यंत तो खोका होता, आणि नर्सबाई दर पाळीला तो सरळ करून ठेवायच्या.

आता आत्याच्या दाराला तीन पायऱ्या. आत्यानं शेजाऱ्यांकडून फळी मागून उतरण केली होती. आई फळीकडे बघून म्हणाली, "काढा ती वन्सं. मी चढते." आणि चढली. दादा मागे हात पसरून उभा, आत्या पुढे हात पसरून उभी, मधे आई. तिसऱ्या पायरीवर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि आम्ही बाकीचे उगाच चपला काढण्यात वेळ घालवला.

आईनं पिशवीतून डबा काढला. थोरला, चपटा, स्टीलचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं : "दादा-वहिनींकडून, भाऊबीज १९९१." एवढ्या वर्षांत आई-आत्या किती वेळा धड बोलल्या असतील ते बोटांवर मोजता येईल, पण डबा आत्यानं वापरता ठेवला होता. अक्षरांतले ठिपके घासून घासून बुजत आले होते. आत्यानं झाकण उघडलं, लाडू उचलला, त्यावरचे ठसे पाहिले आणि तो तसाच परत ठेवला. "हा मी खायची नाही," म्हणाली. मग आईनंच दुसरा मोडून तिच्या तोंडात घातला.

संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. डोंगरातून निघून वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि इथं अगदी समोरासमोर येऊन भेटतात. बाबा शाळकरी वयात ह्याच घाटावर पोहायला शिकले. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बाकावर आई आणि आत्या बसल्या. थंडी पडायला लागली तशी आत्यानं आपली शाल अर्धी आईच्या अंगावर घातली.

रात्री मी आणि त्या दोघी एकाच खोलीत. दिवा मालवल्यावर आत्यानं विचारलं, "वहिनी, तुम्हांला खरंच सगळं ऐकू येत होतं?"

आत्यानं एका संध्याकाळी आईच्या कानाशी बसून त्या जुन्या वाटणीबद्दल काहीतरी सांगितलं होतं. काय, ते आईनं मलाही पुरतं सांगितलेलं नाही, आणि इथं ते लिहायचंही नाही. मी अंधारात श्वास रोखून पडले होते.

"येत होतं की," आई म्हणाली. "पण मधला एक आठवडा कोरा आहे हो वन्सं. त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही."

दिवस दुसरा : कऱ्हाड ते कोल्हापूर

सकाळी गाडीत सामान ठेवताना आत्या माझ्याजवळ आली. "खोटं बोलते तुझी आई," एवढंच म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून आईच्या पायाचा पट्टा नीट बसलाय का ते बघायला वाकली. नणंदेनं भावजयीच्या पायाशी वाकलेलं मी आमच्या घरात पहिल्यांदा पाहिलं.

कऱ्हाड ते कोल्हापूर रस्त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पेठ नाका, किणीचा टोल, वारणा. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, आणि त्यांच्या मागे धीरानं चाललेला दादा.

मामाचं गाव पन्हाळ्याच्या बाजूला, कोल्हापूरपासून अर्ध्या तासावर. इथं आईचा जन्म, इथंच तिची शाळा. गाडी अंगणात थांबली तशी मामी भाकरतुकडा ओवाळायला आली. मामा मागं उभा. मामा सहा फुटी माणूस, कधी रडत नाही. "आलीस व्हय अक्का," म्हणाला आणि गोठ्याकडे निघून गेला. तोंड धुऊन मग परत आला.

मामानं काय केलं ते सांगते. त्या आजारावर इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं देतात. आईच्या वजनाला पाच दिवस, रोज पाच कुप्या, एकेका कुपीला वीस हजारांच्या आसपास. विम्याची मर्यादा तिसऱ्याच दिवशी संपली. दादा कर्जाच्या धावपळीत होता. मामाला आम्ही पैशांचं काही बोललो नव्हतो, पण बाबांच्या आवाजावरून त्याला कळलं. त्याच आठवड्यात कारखान्याचं ऊसबिल जमा झालं होतं. त्यानं सगळंच्या सगळं दादाच्या खात्यावर पाठवलं. दादानं फोन केला तर म्हणाला, "ऊस काय, फुडल्या साली परत येतोय की रं." पुढं त्याला बोलता आलं नाही, आणि दादालाही नाही.

ते पैसे घरावर स्लॅब टाकायचे होते हे मला काल-परवापर्यंत माहीत नव्हतं. अंगणातून वर बघितलं तेव्हा दिसलं. खांबांतून वर आलेल्या सळया उघड्या, गंजलेल्या, टोकांना पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. घरावर अजून पत्राच. दादा दर महिन्याला थोडी थोडी रक्कम परत पाठवतो आणि मामा दर महिन्याला फोन करून त्याला रागावतो. त्या सळयांकडे मी पाहतेय हे मामीच्या लक्षात आलं. "पत्र्यावर पावसाचा आवाज चांगला येतोय गं," ती म्हणाली, आणि मला घेऊन आत गेली.

चहा झाला. आई म्हणाली, "ती रेडी कुठाय? एकदा बघू दे."

कुणाला काही कळेना. मामाचा मुलगा दारात उभा होता. चोवीस वर्षांचा पोर, त्याचा चेहरा एकदम उतरला आणि मग उजळला. फेब्रुवारीत दर शनिवारी रात्री हा एसटीनं निघायचा, मामीच्या भाकऱ्या, खर्डा, दही कडीच्या डब्यात घेऊन पहाटे पुण्याला पोचायचा. त्याला आयसीयूत काय बोलावं ते सुचायचं नाही. यंत्राकडे बघत तो रानातल्या खबरा सांगायचा. विहिरीची मोटर जळली. खोडवा बरा आलाय. आणि एकदा, "आत्या, म्हस व्याली. रेडी झाली. कपाळावर पांढरा टिक्का हाय." त्याला वाटलं होतं की आपण भिंतीशी बोलतोय.

"पांढऱ्या टिक्क्याची," आई म्हणाली. "तू म्हणालास तेव्हा मी रोज तिचा विचार करायचे. आज उभी राहिली असेल, आज दूध ओढायला लागली असेल."

तिला काठीनं गोठ्यापर्यंत नेलं. शेणाची ओल, खाली दगड, मला धास्ती वाटत होती. रेडी आता चांगली दहा महिन्यांची, अंगानं भरलेली, आणि कपाळावर खरंच रुपयाएवढा पांढरा ठिपका. आईनं काठी माझ्याकडे दिली, एका हातानं दावणीचा खांब धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या ठिपक्यावर ठेवला. मामाचा पोरगा शेजारी उभा राहून नुसता रडत होता, आणि पुसतही नव्हता.

दुपारी गुऱ्हाळावर. ह्या भागात आता गुऱ्हाळं पूर्वीपेक्षा कमी झाली, बहुतेक ऊस कारखान्याला जातो, पण मामाच्या भावकीतलं एक अजून चालू आहे. चुलवाणात वाळलेली चिपाडं सरकवत होते, वर काहिलीत रस उकळत होता. भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि झाऱ्यानं काढून टाकतात. गुळव्या पाण्याच्या भांड्यात थेंब टाकून बोटानं गोळी होते का बघतो. आदण कधी उतरायचं ते त्या बोटाला कळतं. आई खुर्चीवर बसून त्या माणसाची बोटं बघत होती. मग हळूच स्वतःचा अंगठा आणि तर्जनी जुळवून बघितली, जशी तिला फिजिओथेरपीवाल्या मुलीनं शिकवली होती तशी. कडीचा डबा लाडूंनी भरून मामीला दिला होता. मामीनं लाडू ताटात काढून घेतले आणि तोच डबा काकवीनं भरून पुन्हा आमच्या गाडीत ठेवला. आई म्हणाली, "अगं, मी परत करायला आणलाय!" मामी म्हणाली, "पुढल्या खेपेला करा की, वन्सं."

दिवस तिसरा : अंबाबाई, कुरुंदवाड, वाडी, खिद्रापूर

पहाटे कोल्हापुरात अंबाबाईचं मुखदर्शन. रांगेत उभं राहणं आईला झेपणारं नव्हतं, लांबूनच हात जोडले. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला, मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. गेल्या जानेवारीत त्याच दिवसांत आईचं दुखणं पायांपासून वर चढत होतं. हा योग मला कुणी सुचवला नव्हता, तिथं उभी असताना आपोआप मनात आला आणि अंगावर काटा आला. उतरताना मात्र दुखणं उलट्या वाटेनं उतरलं. आधी चेहरा सुटला, मग मान, मग हात. पाय सगळ्यांत शेवटी, आणि पावलं अजून पुरती आलेली नाहीत.

कुरुंदवाडला मावशी. तिच्या घराच्या भिंतीवर, बैठकीच्या खोलीत, माझ्या डोक्याच्याही वर एक मळकट रेघ आहे. २०१९ च्या महापुरात पाणी तिथवर होतं. शिरोळ तालुका तेव्हा बराचसा पाण्यात होता. मावशी, काका आणि दोन्ही मुलं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि चाळीस दिवस पुण्याला आमच्याकडे राहिली. पुढं त्यांनी घराला रंग काढला, पण ती रेघ मावशीनं तेवढी सोडायला लावली. "ताईच्या घरी होतो हे लक्षात राहावं म्हणून," ती म्हणाली. आईला हे ठाऊकच नव्हतं.

मावशीनं दत्ताला बोललं होतं, ताई स्वतःच्या पायांनी वाडीला येईल तेव्हाच गोड खाईन. जानेवारीपासून चहासुद्धा बिनसाखरेचा. गुढीपाडवा, गणपती, दिवाळी, सगळं तसंच गेलं. नरसोबाच्या वाडीच्या शेजारी राहणाऱ्या बाईनं अकरा महिने पेढा आणि बासुंदी नाकारणं म्हणजे काय, ते वाडीला गेलेल्यांना कळेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच दुकानं.

दुपारच्या आत वाडीला पोचलो. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, औदुंबर, नृसिंहसरस्वती स्वामींच्या बारा वर्षांच्या वास्तव्याची जागा. मंदिर नदीला इतकं लागून, की पावसाळ्यात पाणी चढतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा, आणि त्या पाण्यात स्नानाला लोक लांबून धावत येतात. आता डिसेंबर, नदी खाली, घाट कोरडा.

चपला काढायच्या म्हणजे आईचा स्प्लिंटही काढायचा. त्याच्याशिवाय तिचं डावं पाऊल खाली लोंबतं. मी खाली बसून पट्टे सोडवले. दादाच्या खांद्यावर एक हात, मावशीच्या खांद्यावर एक हात. पहिली पायरी. डावं पाऊल आधी टाचेवर, मग चवडा. दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर ती थांबली. आम्हांला वाटलं दमली. मावशी म्हणाली, "बस गं ताई थोडी."

"थंड आहे," आई म्हणाली.

"काय?"

"दगड. थंड लागतोय."

अकरा महिने तिच्या तळव्यांना फक्त मुंग्या, आग आणि बधिरपणा कळत होता. गरम पाण्याची बादलीसुद्धा आम्ही आधी हात घालून बघत होतो. सावलीतल्या त्या काळ्या दगडाचा गारवा तिच्या पायाला कळला. ती मुद्दाम बाजूला, उन्हातल्या दगडावर पाऊल ठेवून म्हणाली, "हा कोमट." पुन्हा सावलीत ठेवलं. "हा थंड." लहान मूल नवा खेळ खेळतं तसं तीन-चार वेळा. लोक बाजूनं जात होते, कुणीतरी "दिगंबरा दिगंबरा" म्हणत होतं, आणि आम्ही सगळे तिच्या पावलांकडे बघत पायऱ्यांवर खिळलो होतो.

दर्शन झालं. मावशीच्या हातावर पेढा आईनं ठेवला. मावशीनं तो लगेच तोंडात टाकला नाही, मुठीत धरून ठेवला. किती वेळ, ते मी मोजलं नाही. तिचा तीन पुडांचा डबा आम्ही तिथंच घाटावर तिला दिला, आणि लाडू शेजारी बसलेल्यांनाही वाटले.

खिद्रापूर बाबांच्या हट्टामुळे. तिथलं कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, कृष्णेच्या काठावर. गाभाऱ्यात महादेव आणि विष्णू असे दोन्ही, आणि शिवमंदिर असून समोर नंदी नाही. यादव राजा सिंघणाचा शिलालेख बाबांनी उभं राहून वाचायचा प्रयत्न केला. कोरीव हत्ती आणि सुरसुंदरी मी भराभर पाहून घेतल्या, कारण माझं लक्ष आईकडे होतं. स्वर्गमंडपात बारा खांबांचं एक वर्तुळ आहे आणि त्यावर छत नाही, गोल मोकळं आभाळ. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. आई त्या शिळेवर बसली, मग म्हणाली, "मला आडवं व्हायचंय." पुजाऱ्यांकडे पाहिलं, ते मानेनंच "होऊ दे" म्हणाले. आई उताणी झोपली.

२३ दिवस ती अशीच उताणी होती. वर पांढऱ्या चौकोनी फरश्यांचं छत, त्यात दोन दिवे, एका फरशीला गळतीचा पिवळा डाग. तो डाग तिला आजही काढून दाखवता येतो. बाबा तिच्या शेजारी दगडावर बसले. चोपन्न वर्षांच्या संसारात मी त्यांना बाहेर चारचौघांत तिचा हात धरलेला पाहिला नव्हता. तो धरला. वरून दोन बगळे गेले. दोघं काही बोलले नाहीत.

दिवस चौथा : परत

मावशीनं दिलेली खपली गव्हाची पोती, मामीची काकवी, वाडीचे पेढे. डिकी येताना होती त्याहून जड झाली होती. सांगलीवरून पेठ नाक्याला हायवे धरला. साताऱ्याला जेवलो. आई दमून झोपली होती, डोकं माझ्या खांद्यावर. तिच्या मांडीवर निळ्या झाकणाचा डबा.

तिन्ही घरी विचारलं होतं. आत्याचा नाही, मामीचा नाही, मावशीचा नाही.

नीरा ओलांडल्यावर बाबा एकदम म्हणाले, "तो डबा त्या अकरा नंबरच्या मुलाचा आहे."

दादानं गाडीचा वेग कमी केला. बाबा पुढं काचेतून बघत सांगत होते. आयसीयूबाहेरच्या बाकावर एक पस्तिशीचा मुलगा असायचा, त्याची आई अकरा नंबरला, तोच आजार. एका रात्री आमच्याकडचं कुणी नव्हतं, बाबा एकटेच होते आणि सकाळपासून उपाशी. त्या मुलानं आपला डबा बाबांच्या हातात दिला. मेथीची भाजी आणि भाकरी. "तुम्ही खा, मी खाल्लंय." त्यानं खाल्लेलं नव्हतं हे बाबांना ठाऊक होतं, तरी त्यांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायचा म्हणून ते शोधायला गेले तर अकरा नंबर रिकामा होता. पहाटे गेल्या होत्या त्याच्या आई.

"मला तुम्हांला सांगवलं नाही," बाबा म्हणाले. "भोरकडचा होता. नाव विचारायचं राहिलं."

आई जागी होती. कधीपासून, कोण जाणे. कापूरहोळचा फाटा आला. डावीकडे भोरचा रस्ता, कोपऱ्यावर पाटी, उसाच्या रसाची गाडी. दादानं गाडी कडेला घेतली. "वळू?" त्यानं विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही.

आईनं डब्याचं निळं झाकण उघडलं. दोन्ही अंगठ्यांनी, कडेकडेनं, शिकवल्याप्रमाणे. आत आठ लाडू होते. घरून निघतानाच भरलेले.

"रस्ता विचारत जाऊ," ती म्हणाली. "डिसेंबर आहे. गावात मेथी निघाली असेल."

दादानं डावीकडचा इंडिकेटर लावला.